सागाचं रोपवन आणि निलगिरीची लागवड: गावाने नेमकं काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: गावालगतच्या मिश्र जंगलाचे काही कूप, म्हणजे तोडीसाठी आखलेले तुकडे, तोडून तिथे साग लावायचं ठरतंय, आणि शेजारच्या शिवारात लोक कागद कारखान्यासाठी निलगिरी लावताहेत. यातलं जास्त घातक काय, विहिरींचं पाणी खरंच कमी होतं का, आणि ग्रामसभेने काय करावं?

सुरुवातीलाच सांगतो, "निलगिरी परदेशी म्हणून वाईट, साग आपला म्हणून चांगला" या मापाने काहीच कळत नाही. आधी तिथे काय होतं, मातीची खोली आणि पाऊस किती, आणि त्या जमिनीवर कोणाचं घर चालत होतं, यावर नुकसान ठरतं. मुरमाड बांधावर लावलेल्या निलगिरीच्या दोन ओळींनी कोणाचं फार बिघडत नाही. पण पंचवीस-तीस जातींचं मिश्र जंगल साफ करून लावलेला एकटा साग पिढीभर भरून न येणारं नुकसान करतो. कागदावर मात्र दोन्हींची नोंद 'झाडं लावली' अशीच होते.

सागाचं आधी बघू, कारण तुमच्याकडे तेच मोठं आहे. राष्ट्रीय कृषी आयोगाने १९७२ मध्ये उत्पादन वनीकरणावर अंतरिम अहवाल दिला. कमी किमतीच्या मिश्र जंगलाच्या जागी उद्योगाला लागणारं किंवा महाग विकलं जाणारं लाकूड लावा आणि त्यासाठी बँकांचं कर्ज उचलू शकतील अशी महामंडळं काढा, हा त्याचा गाभा. त्यातून १९७४ मध्ये महाराष्ट्राचं वन विकास महामंडळ नागपुरात उभं राहिलं. आज त्याच्याकडे साडेतीन लाख हेक्टरच्या आसपास वन आहे, त्यातलं बरंचसं विदर्भात. 'कमी किमतीचं' हा शब्द डेपोतल्या लिलावाच्या हिशेबाने आलेला आहे. मोहफुलं, चारोळी, तेंदूपान, बांबूचे वास्ते (कोवळे कोंब), डिंक, चराई यांची किंमत त्या हिशेबात धरलेलीच नाही.

काम कसं चालतं ते नीट समजून घ्या. कूप तोडला की फांद्या आणि पाला जाळतात. पावसाच्या तोंडावर सागजड्या लावतात. सागजडी म्हणजे रोपवाटिकेतल्या रोपाचं पंधरा-वीस सेंमी मूळ आणि वर जेमतेम अडीच सेंमी खोड, जाडी अंगठ्याएवढी. पहारीने भोक पाडून ती बसवायची आणि माती घट्ट दाबायची. अंतर २ × २ मीटर, म्हणजे हेक्टरी २५०० जड्या. यानंतरच्या तीन वर्षांत जे होतं तेच सगळ्यात महत्त्वाचं, आणि गावात त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. जंगल तोडलं म्हणून लगेच मरत नाही. ऐन, धावडा, बीजा, तेंदू यांची खुंटं जिवंत असतात आणि पहिल्याच पावसात त्यांना फुटवे येतात. तसंच सोडलं तर पंधरा-वीस वर्षांत पुन्हा मिश्र रान उभं राहू शकतं. पण सागाला मोकळीक हवी म्हणून निंदणीत हे फुटवे दरवर्षी कापले जातात. मिश्र जंगल खरं संपतं ते कुऱ्हाडीच्या पहिल्या घावाने नाही, या निंदणीने.

यात एक फसगत होते. तोडणीनंतर पहिली काही वर्षं ऊन मिळाल्याने तेंदूची झुडपं बऱ्याचदा जोमात येतात, पानाचा हंगाम उलट बरा जातो आणि गावाला वाटतं, चला, फार काही बिघडलं नाही. सागाची सावली वर मिळाली की तेंदू दबतो. तोवर हरकत घ्यायची वेळ निघून गेलेली असते.

पाचव्या वर्षाच्या सुमारास पहिली विरळणी व्हायला हवी. त्यात साधारण निम्मी झाडं जातात. पुढच्या विरळण्या दहाव्या, विसाव्या, तिसाव्या वर्षांच्या आसपास, आणि शेवटची तोड साठीला. प्रत्यक्षात पैसे नाहीत, मजूर नाहीत, परवानगी अडकली, अशा कारणांनी विरळणी मागे पडते. मग दाट, काठीसारखी बारीक झाडं आणि खाली उघडी जमीन असं चित्र दिसतं. त्यात दर उन्हाळ्यात वणवा. सागाचं पान मोठं. पावसाचं पाणी त्यावर साठून मोठ्या थेंबाने खाली पडतं. झाड आठ-दहा मीटर उंच झालं की त्या थेंबाला जवळपास पूर्ण वेग मिळतो. खाली गवत, झुडूप, पाचोळा असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर उघड्या मातीवर मार बसतो, वरचा थर सुटतो, बारीक कण छिद्रांत जाऊन बसतात, पापुद्रा धरतो आणि पुढचं पाणी मुरायचं सोडून वाहतं.

हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. जुलैत एखाद्या मोठ्या पावसानंतर रोपवनात जा आणि खाली बसून बघा. बुंध्यावर मातीचे शिंतोडे किती वर गेलेत? खड्यांच्या खाली मातीचे बोटभर उंचीचे खांब उरलेत का, म्हणजे खड्याने झाकलेली माती राहिली आणि आजूबाजूची गेली? सागाची मुळं वर दिसायला लागलीत का? ही तिन्ही चिन्हं एकत्र दिसली तर तिथली माती तुमच्या तळ्यात येते आहे असं धरून चाला. या चिन्हांचे फोटो घ्या, आणि तसेच फोटो शेजारच्या न तोडलेल्या जंगलात, त्याच दिवशी, तशाच उतारावर काढा. तुलना नसेल तर फोटोला अर्थ नाही.

आता पाणी. प्रत्येक झाड पाणी पितं. विचारायचं हे, की आधीच्या झाडोऱ्यापेक्षा किती जास्त. यावर चांगली मोजमापं आहेत. तमिळनाडूतल्या निलगिरी पर्वतात ग्लेनमॉर्गनला शेजारशेजारची दोन छोटी पाणलोटं घेतली, एकात नैसर्गिक गवताळ रान आणि शोला (डोंगरातल्या घळींमधलं दाट सदाहरित जंगल) ठेवलं, दुसऱ्यात १९७२ मध्ये निलगिरी लावली. पहिल्या दहा वर्षांत दुसऱ्या पाणलोटातून येणारं पाणी १६ टक्क्यांनी घटलं. तोडून फुटव्यांवर दुसरं पीक घेतलं तेव्हा घट सुमारे २५ टक्के झाली, कारण फुटव्याला जुन्या झाडाची तयार मुळं मिळतात. दक्षिण आफ्रिकेत मोकोबुलान इथे गवताळ पाणलोटात निलगिरी लावल्यावर नवव्या वर्षी ओढा पूर्ण आटला. सोळाव्या वर्षी झाडं तोडली, तरी ओढा परत वाहायला पाच वर्षं लागली, कारण आधी खालची कोरडी पडलेली जमीन भरावी लागली. "नंतर तोडून टाकू, पाणी परत येईल" असं कोणी म्हणालं तर हे लक्षात असू द्या. त्या देशाच्या १९९८ च्या जलकायद्यात लाकडासाठीची व्यावसायिक लागवड ही ओढ्याचं पाणी घटवणारी कृती मानली आहे आणि तिला पाणीवापराचा परवाना लागतो. आपल्याकडे तसं काही नाही.

कर्नाटकात ऐंशीच्या दशकाच्या शेवटी झालेली मोजमापं आपल्याला जास्त जवळची. उथळ मातीत निलगिरीने तिथल्या कोरड्या पानगळी रानापेक्षा फार जास्त पाणी घेतलं नाही, मात्र नाचणीसारख्या पिकाच्या साधारण दुप्पट घेतलं. होसकोटेला माती खोल होती. तिथे वर्षाच्या पावसापेक्षाही जास्त पाणी झाडांनी उपसलं, म्हणजे मुळं खाली जाऊन पूर्वी साठलेलं पाणी घेत होती. म्हणूनच मुरमाड उथळ जमिनीवरची आणि खोल काळ्या किंवा गाळाच्या जमिनीवरची निलगिरी एका तागडीत तोलू नका. खोल माती आणि आठशे मिलिमीटरच्या आतला पाऊस असेल तर ती लागवड विहिरीच्या मुळावर येते.

साग फेब्रुवारी-मार्चपासून पान टाकतो, त्यामुळे उन्हाळ्यात त्याचा पाणीउपसा कमी असतो. त्याचा तोटा वर सांगितलेल्या वाहून जाण्यातून येतो. विहिरीच्या दृष्टीने परिणाम सारखा, उपाय मात्र वेगळा: सागाखाली झुडूप आणि पाचोळा टिकवला तर बरंच सावरतं, खोल मातीतल्या निलगिरीला झाडांची संख्या घटवण्याशिवाय इलाज नाही.

आकड्यात सांगायचं तर एक मिलिमीटर पाणी म्हणजे हेक्टरी १० घनमीटर, दहा हजार लिटर. लागवडीने आधीपेक्षा वर्षाला १०० मिलिमीटर जास्त उडवलं तर ४० हेक्टरांत ४ कोटी लिटर गेलं. माणशी ५५ लिटर धरलं तर हजार वस्तीच्या गावाचं हे दोन वर्षांचं पाणी. ते सगळं तुमच्या विहिरीतच आलं असतं असं नाही, पण प्रमाण कळतं.

मोजायचं असेल तर लागवडीच्या आधीच सुरू करा. लागवडीच्या खालच्या अंगाच्या दोन-तीन विहिरी आणि वेगळ्या पाणलोटातली एक विहीर तुलनेसाठी निवडा. पहाटे, मोटर लावायच्या आधी, काठावरच्या एकाच खुणेपासून पाण्याची खोली टेपने मोजा. जानेवारी, मार्च, मे, ऑक्टोबर हे महिने धरा, कारण भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची मापं याच महिन्यांतली असतात आणि तुमचे आकडे त्यांच्याशी ताडून बघता येतात. नाल्याची धार कोणत्या तारखेला तुटली तेही लिहा. बहुतेक तक्रारी इथेच पडतात: पाणी आटल्यावर लोक अर्ज करतात, आणि आधी किती होतं याची एकही नोंद नसते. समोरून "पाऊस कमी झाला, बोअर वाढले" असं उत्तर येतं, आणि ते अर्धं खरंही असतं.

मातीतल्या कसाबद्दल थोडक्यात. निलगिरीचं चुन्याचं सत्त्व मोठ्या प्रमाणात सालीत असतं, नत्र पानांत. साल शेतातच सोलून, पानाफांद्यांसकट पसरून ठेवली तर बरंचसं परत जमिनीत जातं. सालीसकट ओंडके गेले आणि उरलेलं पेटवून दिलं तर दर चार-पाच वर्षांनी जमीन धुऊन नेल्यासारखं होतं. तिसऱ्या पिकात उतारा घटतो तो यामुळेही. एकाच जातीचं मोठं क्षेत्र म्हटलं की कीडही आली. निलगिरीवर गाठी आणणारी गांधीलमाशी भारतात २००१ च्या सुमारास कर्नाटकात दिसली आणि एकाच क्लोनवर (एकाच झाडापासून वाढवलेल्या हुबेहूब रोपांवर) विसंबलेल्या बागांना तिने चांगलंच झोडपलं. कोवळ्या शेंड्यांवर आणि पानांच्या देठांवर फुगीर गाठी दिसल्या तर ती रोपं घेऊ नका.

लोकांवर काय परिणाम होतो ते नीट समजायला कर्नाटकचीच उदाहरणं घ्यावी लागतात. १९८३ मध्ये तुमकूर जिल्ह्यात शेतकऱ्यांनी रोपवाटिकांमधली निलगिरीची रोपं उपटली. राग झाडावर नव्हता इतका शेतीच्या घडीवर होता: बाहेर राहणारे जमीनमालक नाचणी सोडून निलगिरी लावत होते, कारण तिला रोज राखण लागत नाही. राखण लागत नाही याचा अर्थ मजुरी नाही, कडबा नाही, गावात धान्य नाही. १९८४ मध्ये तिथल्या सरकारने एका कापड-उद्योग समूहाबरोबर 'कर्नाटक पल्पवुड' ही कंपनी काढली आणि तिच्यासाठी सुमारे ३०,००० हेक्टर पडीक म्हणवली जाणारी जमीन ठरवली. त्या जमिनीवर गुरं चरत होती, सरपण येत होतं. १९८७ मध्ये कुसनूर गावात लोकांनी 'कित्तिको-हच्चिको', म्हणजे उपटा आणि लावा, हा सत्याग्रह केला. निलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी आपल्याला उपयोगी पडणारी झाडं लावली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९१ मध्ये कंपनी गुंडाळावी लागली. त्या लोकांनी नुसतं 'नको' म्हटलं नाही, काय हवं तेही जमिनीत रोवून दाखवलं, म्हणून हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या बाजूला हिशेब महिन्यांचा करा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मग चारोळी, मेमध्ये तेंदूपान, जूनपासून मोहाच्या टोळी (तेलबिया), पावसात वास्ते आणि रानभाज्या, थंडीत आवळा. रोपवनाची मजुरी लागवड, निंदणी आणि विरळणीपुरती, तीही पहिल्या काही वर्षांत एकवटलेली. अकराव्या ते एकोणिसाव्या वर्षात त्या जमिनीवर कोणाला किती दिवस काम मिळणार, हा प्रश्न बैठकीत जरूर विचारा. मोह आणि फळझाडं राखायचा नियम बहुतेक आराखड्यांत असतो, पण उघड्यावर एकटं उरलेलं मोहाचं झाड वादळात लवकर पडतं, आणि त्याखाली नवं रोप आलं तर ते निंदणीत जातं.

हेच दक्षिणेला सिंधुदुर्गात रबराच्या रूपात चाललंय. दोडामार्ग-सावंतवाडीत खाजगी जंगलं विकत घेऊन, साफ करून रबर लावलं गेलं. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पट्ट्यातल्या वृक्षतोडीवर बंदी घातली. सोलापूरकडच्या माळरानांवर तर उद्योगही नाही, नुसतं वनीकरण: पवन्या-मारवेलच्या गवतात ६० सेंमी रुंदीचे सलग समतल चर खणून गिरिपुष्प हे झटपट वाढणारं झाड लावायचं. माळढोक, चिंकारा, लांडगा आणि धनगरांच्या मेंढ्या यांना त्यातलं काहीच नको असतं. आणि हे अहवालात कधी उमटत नाही, कारण भारतीय वन सर्वेक्षण एक हेक्टरपेक्षा मोठ्या जागेवर दहा टक्क्यांहून जास्त झाडोरा दिसला की ते वनाच्छादन धरतं, मग ती जात कोणतीही असो आणि जमीन कोणाचीही. उपग्रहाच्या चित्रात रबर, आंबा, साग आणि देवराई एकाच खात्यात जमा होतात. "जिल्ह्याचं वनाच्छादन वाढलं" हे वाक्य ऐकलं की कशाने वाढलं ते विचारायचं.

स्वतःच्या शेतात निलगिरी लावणाऱ्यांना मी सरसकट नको म्हणणार नाही. रानडुकरांचा त्रास, मजुरांची टंचाई, बाहेरगावची नोकरी ही कारणं खरी आहेत, आणि १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत निलगिरी नसल्याने तोडही सोपी. पण करार वाचा. ३ × २ मीटरवर एकरी साधारण ६७५ रोपं बसतात. भाव टनावर असतो, आणि सोललेलं ओलं लाकूड उन्हात रोज वजन सोडतं. वजन कुठे, तोडीनंतर किती दिवसांत, कोणाच्या काट्यावर करायचं, हे लिहून घ्या. ट्रक कारखान्याच्या फाटकाबाहेर चार दिवस थांबला तर तो तोटा कोणाचा, तेही. 'खरेदी करू' आणि 'खरेदी करणं बंधनकारक राहील' यांत लाखाचा फरक पडतो. किमान जाडीची अट पहिल्या तोडीत बारीक माल नाकारायला वापरली जाते. एकाच क्लोनऐवजी दोन-तीन क्लोनचे वेगळे पट्टे लावा. तोड जमिनीपासून दहा-पंधरा सेंमीवर, करवतीने, किंचित तिरकी. कुऱ्हाडीने साल फाटली की फुटवे कमजोर येतात. शेजाऱ्याच्या बांधापासून दहा मीटर सोडा, नाहीतर भांडण ठरलेलं. शेवटी खुंटं उपटायचा जेसीबीचा खर्च नफ्यातून वजा धरा, तो कोणी सांगत नाही.

आता ग्रामसभेचं काम. तोडणी बहुधा पावसाळ्यानंतर सुरू होते, म्हणून हालचाल पावसाळ्यातच हवी. माहिती अधिकारात व्यवस्थापन आराखडा, वनकक्षांच्या (जंगलाच्या आखलेल्या भागांच्या) क्रमांकांसह नकाशा, जातवार मार्किंग यादी (तोडीसाठी खूण केलेल्या झाडांची) आणि आधीच्या रोपवनांच्या नोंदवह्या मागवा. यादी हातात घेऊन कूप चाला. किमान पाच ठिकाणी २० × २० मीटरचे चौकोन आखा, त्यातल्या ३० सेंमीपेक्षा जास्त घेराच्या प्रत्येक झाडाची जात आणि छातीच्या उंचीवरचा, म्हणजे १.३७ मीटरवरचा, घेर लिहा. सरासरी काढून पंचवीसने गुणलं की हेक्टरी आकडा मिळतो. चौकोन सोयीच्या वाटेवर घेऊ नका. नकाशावर आधी ठरवा, मग तिथे जा. 'निकृष्ट जंगल' असं लिहिलेल्या कक्षात हेक्टरी चारशे-पाचशे झाडं निघाली तर तुमच्या हरकतीला वजन येतं.

ठरावात "आमचा विरोध आहे" एवढंच लिहू नका. कक्ष क्रमांक, तुमचे आकडे, कोणती वनोपजं किती घरं गोळा करतात, कोणता नाला कोणत्या विहिरींना पाणी देतो, हे जोडा. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ खालच्या सामूहिक वनसंसाधनाच्या हक्काचा दावा केला नसेल तर आधी तो करा, आणि पोच घ्या. हा हक्क आणि कलम ५ मिळून जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेकडे येतो. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांचा हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तकही ग्रामसभेच्या हाती आलं. बांबू तोडायचा की नाही, कोणाला आणि काय भावाने विकायचा, हे ती ग्रामसभा ठरवते.

तोड थांबत नसेल तर वाटाघाट तपशिलावर करा. नाल्याच्या दोन्ही काठांना ३० मीटर हात लावायचा नाही. कूप छोटे आणि एकमेकांपासून तुटक ठेवायचे. फांद्या जाळायच्या नाहीत, उताराला आडव्या रचायच्या. निंदणी सागाभोवती एक मीटरच्या वर्तुळापुरतीच करायची, बाकीच्या खुंटांचे फुटवे सोडायचे. ही एक अट मान्य झाली तरी दहा वर्षांनी तिथे सागाबरोबर ऐन-धावडाही दिसेल. विरळणीची वर्षं करारात लिहून घ्या आणि त्यातून निघणाऱ्या बारीक बल्ल्या निस्तारासाठी, म्हणजे घरगुती गरजेसाठी, गावाला मिळतील असं नमूद करा, म्हणजे विरळणी वेळेवर व्हावी म्हणून मागे लागणारं कोणीतरी गावातच तयार होतं.